अण्णा भाटकरांचं सिंगापूर

अण्णा भाटकर आमच्याकडे येतात ते खिडकीत. दार सताड उघडं असतं, दारात मी 'या अण्णा, या' करत उभा असतो. अण्णा मान डोलावतात, मला ओलांडून जास्वंदीला वळसा घालतात, बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी जातात, दोन हातांनी दोन गज धरतात आणि म्हणतात, "हां, बोला मास्तर." मग मी आत येतो, खुर्ची खिडकीशी ओढतो आणि बोलतो. नवीन माणसाला वाटतं, या घरात कुणाला तरी कोंडून ठेवलंय आणि आज भेटीचा वार आहे.

याला कारण आहे. अण्णा एकतीस वर्षं एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले. संसार सोडला तर जगाशी त्यांचा सगळा संबंध गजांमधून आला. समोर माणूस मोकळाढाकळा येऊन बसला की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. मधे गज आले की तेच अण्णा देवरुख, लांजा, राजापूर, कोल्हापूर सगळं घडाघडा बोलायला लागतात. आत कोण आणि बाहेर कोण याला महत्त्व नाही. मधे गज हवेत.

त्यांना "कसे आहात?" विचारलं तर आधी घड्याळ बघतात. "सात वाजेपर्यंत बरा होतो. आता गुडघा वीस मिनिटं लेट आहे. दुपारपर्यंत टायमावर येईल." माझ्या बायकोने एकदा सहज विचारलं, "अण्णा, पाणी आलं का हो?" तर म्हणाले, "नळाचं, विहिरीचं की समुद्राचं? प्रश्न पुरा विचारा, वहिनी." उत्तर देऊन झालं की मान वर करून "हां, पुढचा" म्हणतात. माझ्या मेव्हणीच्या लग्नात नवरानवरी पाया पडली, तेव्हा अण्णांनी "सुखी राहा" म्हटलं आणि सवयीने "हां, पुढचा." पुढचा फोटोग्राफर होता. तो गोंधळला आणि कॅमेऱ्यासकट पाया पडला.

पण हे सगळं म्हणजे जुन्या भांडवलावरची मजा. नोकरीच्या शेवटच्या वर्षांतच अण्णांचा धंदा बसला होता. लोकांच्या हातात मोबाईल आले. "माझ्या खिडकीला टेकून मेला मोबाईलला विचारतो!" अण्णा सांगतात. "अरे, निदान दोन पावलं लांब जाऊन तरी विचार!" रिटायर झाल्यावर तर तेवढेही टेकणारे राहिले नाहीत. अण्णा आपल्या घराच्या पडवीतल्या खिडकीत सकाळपासून बसतात, समोरून गल्ली जाते. सुलूकाकू, म्हणजे त्यांची बायको, एकदा मेधाला सांगत होत्या, "कुणी काही विचारीत नाही गो आता यांना. परवा एक माणूस खिडकीसमोर थांबला. हे चष्मा लावून सावरून बसले. तर तो चपलेतला खडा काढायला थांबला होता."

मेधा म्हणजे माझी बायको. आम्हाला दोन मुलं, जुई अकरा वर्षांची आणि निनाद सहा. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. नकाशावर डोळे मिटून बोट ठेवा, तिथली पिकं सांगेन. प्रत्यक्षात मात्र चिपळूणच्या स्टँडवर चहा प्यायला उतरलो की भलत्याच गाडीत चढतो. एकदा रत्नागिरी समजून गुहागरला उतरलो होतो आणि उतरल्यावरही दहा मिनिटं 'किती बदललं आपलं गाव' असं कौतुक करत होतो.

तर या भूगोलाच्या मास्तराने मुलांना घेऊन सिंगापूरला जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मेधाने ठरवलं, मी ते गावभर सांगितलं. तसाच एका सकाळी अण्णांच्या खिडकीशी थांबलो. खरं सांगायचं तर मला काही विचारायचं नव्हतं, मिरवायचं होतं.

"काय अण्णा, मे महिन्यात सिंगापूरला जाऊन यावं म्हणतोय. कसं जावं बरं?"

अण्णांनी चष्मा लावला. "आंबा सोडून?"

"मुलांना सुट्टी तेव्हाच."

"तिथं काय आहे?"

"समुद्र आहे. झाडी आहे. सारखा पाऊस पडतो म्हणतात."

"मग आपल्या भाट्याच्या किनाऱ्याला रिक्षाने जा की, मेल्या." पण डोळे चमकले होते. टेबलावरचा कागद त्यांनी पुढे ओढला. "बरं, प्रश्न पुरा विचारा. कधी सुटणार? माणसं किती? फुल किती, हाफ किती? उलटी कुणाला होते?"

"चार माणसं. दोन फुल, दोन हाफ. उलटी मला होते."

"खिडकीची सीट तुमची. बाकीचं संध्याकाळी सांगतो. हां, पुढचा."

माझ्यामागे कुणी नव्हतं. एक मांजर होतं, ते गेलं.

संध्याकाळी सुलूकाकू अंगणाच्या बेड्याशी, फाटकाजवळ, भेटल्या. हळूच म्हणाल्या, "मास्तर, आज दोन भाकऱ्या जास्त गेल्या यांना. विचारलंत ते फार बरं केलंत. आता एवढंच करा, ते सांगतील तसेच जा. कितीतरी दिवसांनी कुणाला काही सांगतायत. ते फुकट जाऊ देऊ नका हां."

"काकू, अक्षर न् अक्षर पाळू," मी म्हणालो. माझी वचनं अशीच असतात, जोरदार.

पुढचे दोन महिने अण्णा सिंगापुरात राहिले. त्यांचा इंटरनेटवर विश्वास नव्हता, पण जुईवर होता. ती संध्याकाळी कॉम्प्युटरवर शोधायची आणि खिडकीतून ओरडून सांगायची. अण्णा लिहून घ्यायचे. तेवढ्यावर न थांबता मिरकरवाड्यातल्या एका म्हाताऱ्या जहाजीला गाठून त्यांनी खात्री करून घेतली. त्याचं जहाज सिंगापूरच्या बंदराला चाळीस वेळा लागलं होतं, पण तो उतरला होता दोनदाच. तरी अण्णा म्हणाले, "डोळ्यांनी बघितलेला माणूस आहे."

तिथल्या मेट्रोत खायला बंदी, पाणी प्यायलाही बंदी, हे ऐकून ते खूष झाले. फणसासारखं एक काटेरी, वासाचं फळ असतं, ते घेऊन गाडीत चढायला मनाई आहे आणि तसं चित्र लावलेलं असतं, हे जुईने वाचून दाखवलं तेव्हा तर त्यांनी गज सोडून टाळी दिली. "एकतीस वर्षं मी हेच सांगत होतो! कापा फणस घेऊन लोक माझ्या खिडकीशी उभे राहायचे, 'गाडीत चालेल ना?' म्हणून. शहाणं शहर आहे हो, मास्तर. जायला हरकत नाही."

मग एका रविवारी सकाळी अण्णांनी आमचा वेग काढला.

त्यांचं म्हणणं असं, की गाडीचं टाइमटेबल गाडीच्या वेगावर ठरतं, तसं कुटुंबाचं कुटुंबाच्या वेगावर ठरायला हवं. लोक इथेच चुकतात. तेव्हा चौघांनी, सगळ्या बॅगा घेऊन, मारुती मंदिरापासून एसटी स्टँडपर्यंत चालायचं. अण्णा घड्याळ घेऊन मागून येणार. मेधाने "मी मुळीच असला तमाशा करणार नाही" असं निक्षून सांगितलं आणि साडेआठला सर्वांत मोठी बॅग घेऊन तीच पुढे उभी होती.

आम्ही चालत होतो आणि अख्खी रत्नागिरी आम्हाला बघत होती. एक विद्यार्थी स्कूटर थांबवून म्हणाला, "सर, बदली झाली?" दुधाच्या दुकानातून प्रश्न आला, "घर सोडलंत काय हो?" एका बाईंनी मेधाच्या खांद्यावर हात ठेवून "माहेरी चाललीस ते ठीक, पण यांना का नेतेस सोबत?" असं विचारलं. मी प्रत्येकाला थांबून खुलासा करत होतो. वाटेत गरम वडे निघत होते, तिथेही खुलासा करायला थांबलो.

स्टँडवर पोचल्यावर अण्णांनी निकाल वाचला. "वहिनी, उत्तम. जुई, उत्तम. निनाद दोनदा बसला, एकदा कुत्र्याच्या मागे गेला, तरी वेळेत. कुटुंबाचा वेग हा सर्वांत हळू माणसाचा वेग." चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, तुमच्यामुळे तुमची फॅमिली जलद गाडीतून साध्या गाडीत आली."

मग वही तयार झाली. शंभर पानी, खाकी कव्हर घातलेली, आत लाल पेनाने रेघा: सुटणार, पोचणार, थांबा, शेरा. मी भल्याभल्यांची पुस्तकं वाचली आहेत, पण अण्णांच्या शेऱ्यांसारखं लिखाण वाचलं नाही. 'येथे मास्तर फोटो काढत बसतील. जादा सात मिनिटे.' 'निनादला शू. लागली नसली तरी विचारणे.' 'येथे वहिनी चिडण्याचा संभव. सावलीत बाक आहे.' 'जुईला इथे आवडेल. घाई करू नये.' पाच दिवसांचं शहर त्यांनी पानापानांवर मांडून ठेवलं होतं. शेवटी सुलूकाकूंच्या मोबाईलचा नंबर आणि खाली: 'अडल्यास विचारणे.'

निघताना अण्णा आमच्या खिडकीशी आले. निनादच्या काचेच्या भांड्यात दोन मासे होते, त्यांना खाणं घालायला घराची किल्ली मी गजांमधून अण्णांच्या हातात दिली. "वही घेतलीत?" त्यांनी विचारलं. "अण्णा! तिकिटं राहतील एक वेळ, वही राहणार नाही," मी म्हणालो.

तिकिटं घेतली होती.

हे मला कळलं तेव्हा आम्ही विमानात होतो आणि पट्टे बांधून झाले होते. मेधा म्हणाली, "पहिलं पान काढा बघू, उतरल्यावर कुठल्या बाजूला जायचं?" मी बॅगेत हात घातला, मग दुसऱ्या बॅगेत, मग उगाचच निनादच्या खिशात.

"कुठे ठेवली होती?"

"विसरू नये म्हणून मुद्दाम वेगळी ठेवली होती."

"कुठे?"

"फ्रीजवर."

मेधाने बॅग माझ्या हातातून घेऊन चेन बंद केली. मग म्हणाली, "आणि किल्ली अण्णांकडे."

"अण्णा दारातून आत जात नाहीत," मी म्हणालो. "मासेही खिडकीतूनच सांभाळतील." माझा तेवढाच आधार होता.

सिंगापूर छान आहे. वहीवाचून काही अडलं नाही, हीच तर पंचाईत झाली. मोबाईल सांगेल तिकडे वळायचं, मोबाईल म्हणेल तिथे उतरायचं. बागा बघितल्या, उंच पाळण्यात बसलो, मी पाळण्यात आणि बोटीत दोन्हीकडे खिडकीच्या सीटचा उपयोग करून घेतला. भाट्यासारखा किनाराही बघितला. निनाद म्हणाला, "बाबा, आपण परत आलो?" सगळं झालं, फक्त अण्णांना फोन केला नाही. फोन केला तर ते विचारणार, 'पान बारा बरोबर लागलं का?' मग मला खोटं बोलावं लागणार. खोटं बोलायला नको म्हणून गप्प बसलो. मी याला सचोटी म्हणत होतो. मेधा याला दुसरा शब्द वापरत होती.

चौथ्या दिवशी सकाळी प्राणिसंग्रहालयाला जायला निघालो. जमिनीखालचं एक मोठं स्टेशन, वर पाऊस ओतत होता. मी मोबाईलवर रस्ता काढला आणि चालू लागलो, तर जुई जागची हलेना.

"बाबा, अण्णाआजोबांना विचारूया ना, इथून कसं जायचं ते."

"अगं, कळलंय मला कसं जायचं ते."

"पण त्यांनी लिहिलं होतं, अडल्यास विचारणे."

"अडलं नाहीये, जुई."

"मग अडूया की!" ती म्हणाली. "आपण पूर्ण सिंगापूरभर एकदापण नाही अडलो. ते वाट बघत असतील."

मेधाने माझ्याकडे बघितलं. मी मोबाईलवरचा नकाशा बंद केला आणि सुलूकाकूंचा नंबर लावला. रत्नागिरीत तेव्हा साडेआठ वाजले असणार. अर्धी रिंगही पुरी झाली नाही.

"चौकशी," पलीकडून आवाज आला. मग घाईघाईने, "म्हणजे, हॅलो. कोण, मास्तर?"

"अण्णा, जरा अडलोय. वहीचं पान पावसात भिजलं. प्राणिसंग्रहालयाला कसं जायचं?"

"प्रश्न पुरा विचारा. कुठल्या स्टेशनात आहात? कुठल्या दाराशी?"

सांगितलं.

"कुठलं पान भिजलं?"

"बावीस... असावं."

"बावीसवर फुलांची बाग आहे. प्राणी सव्वीसवर."

"हां, सव्वीसच. ओलं आहे ना, नीट दिसत नाही."

"थांबा." पानं उलटल्याचा आवाज आला. मग अण्णा वाचू लागले. आवाज असा खणखणीत, की नोकरीच्या पहिल्या दिवशी ते खिडकीत बसले तेव्हा असा असेल. "लाल लाईन धरायची, उत्तरेकडची. चढताना पुढचा डबा, उतरल्यावर जिना समोर येतो. वर आल्यावर बस. बसमध्ये निनादला पुढे बसवा, त्याला ड्रायव्हर बघायचा असतो. शेरा: शिरण्यापूर्वी मास्तरांना टोपी घालणे."

"अण्णा," मी म्हणालो, "तुम्ही वहीची दुसरी प्रत काढली होती का?"

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात, "फ्रीजवर होती. माशांना खाणं घालायला आत गेलो पहिल्याच दिवशी, तेव्हा दिसली."

"मग फोन नाही का करायचा? शिव्या तरी द्यायच्या!"

तेवढ्यात सुलूकाकूंनी फोन घेतला. "काय सांगू मास्तर, चार दिवस माझा फोन हातातून खाली ठेवलानीत नाही. जेवायचं ताट इकडे, फोन तिकडे, वही मांडीवर. घड्याळ अडीच तास पुढे करून ठेवलंय, मला कळत नाही सकाळ आहे की दुपार. मी म्हटलं, अहो, तुम्हीच करा फोन, ती पोरं कुठे चुकली असतील. तर म्हणे, विचारणारा आपणहून खिडकीशी यायला हवा. आपण हाका मारायच्या नसतात."

मी जुईकडे फोन दिला. तिने लगेच त्याचा व्हिडीओ केला. पडद्यावर अण्णा दिसले. पडवीतल्या खिडकीत बसलेले, अंगावर इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणही लावलेलं. चार दिवस ते असेच बसत असणार.

"आजोबा, तुम्हाला काय दाखवू? वर उंच इमारती आहेत. पाऊस आहे पण जाते मी."

"नको गो, भिजू नकोस." अण्णा थोडे घुटमळले. त्यांनी स्वतःसाठी कुणाला काही विचारल्याचं मला तरी आठवत नाही. "जुई, तिथं स्टेशनात... चौकशीला कोण बसतं? माणूस असतो की मशीनच?"

जुईने वळून बघितलं. तिकिटाच्या फाटकांपाशी एक काचेची खोली होती. आत निळ्या शर्टातले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. केस पांढरे, नाकावर चष्मा घसरलेला. समोरच्या बाईंना ते हातवारे करून काहीतरी सांगत होते.

"माणूस आहे, आजोबा! आजोबाच आहेत, तुमच्यासारखे."

मी थांबवायच्या आत ती काचेशी पोचली आणि फोन काचेशी तिरका, आतल्यांना आणि आम्हालाही दिसेल असा धरून उभी राहिली. आतल्या आजोबांनी आधी मुलीकडे बघितलं, मग फोनकडे. चष्मा वर सरकवून ते पुढे झुकले. पडद्यात अण्णा ताडकन उभे राहिले, इतके की आम्हाला नुसतं त्यांचं पोट दिसायला लागलं, मग काकूंनी फोन वर केला.

"येस? वेअर यू वाँट टु गो?" काचेच्या भोकातून आजोबांनी विचारलं.

"नो, नो," अण्णा म्हणाले. "नो क्वेरी. ओन्ली नमस्कार." आणि हात जोडले.

आतल्या आजोबांना काय कळलं देव जाणे. पण त्यांनीही दोन्ही हात जोडले आणि हसले. एक दात नव्हता.

"जुई, त्यांच्यापुढे रांग आहे का गो?"

जुईने मागे वळून बघितलं. एक बाबागाडीवाली बाई, दोन म्हाताऱ्या, पाठीवर भली मोठी पिशवी घेतलेला एक गोरा तरुण. "आहे, आजोबा. चार जण उभे आहेत."

"चार?"

"हो. पाच. आता अजून एक आले."

अण्णा खाली बसले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

"मग बाजूला हो, बाळा. लोकांना विचारू दे त्यांना," ते म्हणाले. "फोन मात्र बंद करू नकोस. असाच धर थोडा वेळ."